खोक्यावरचे आकडे आणि आपली हवा

प्रति,
मा. संपादक,

विषय: ड्रोन, ॲक्शन कॅमेरे व गिंबल कॅमेऱ्यांची ओळख करून देताना आकड्यांसोबत अटीही छापाव्यात

महोदय,

दिवाळी किंवा लग्नसराई तोंडावर आली की जवळपास सगळ्या वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत ड्रोन, ॲक्शन कॅमेरे आणि हातात धरायचे गिंबल (मोटारींनी स्थिर ठेवलेले) कॅमेरे यांची ओळख करून देणारे लेख येतात. त्यांतला अर्धा मजकूर आकड्यांचा असतो: ३४ मिनिटे उड्डाण, सेकंदाला १०.७ मीटर वाऱ्यात स्थिर, वजन २४९ ग्रॅम, पाण्याखाली १० मीटर. हे आकडे खोटे नसतात. मात्र प्रत्येक आकड्याला एक अट चिकटलेली असते. ती कंपनीच्या माहितीपत्रकात तळटीप म्हणून बारीक अक्षरांत असते आणि लेखात येईपर्यंत गळून पडते. लोकांची यंत्रे दरीत जातात, चित्रण वाया जाते किंवा पोलिसांशी हुज्जत घालायची वेळ येते, ती बहुतेक वेळा या गळलेल्या अटीमुळे.

उड्डाणाच्या वेळेपासून सुरुवात करतो. डीजेआय मिनी ४ प्रो या लोकप्रिय ड्रोनची ३४ मिनिटे कशी मोजली आहेत? वारा अजिबात नाही, समुद्रसपाटीची हवा, ताशी २१.६ किलोमीटर एवढ्या एकसारख्या वेगाने सरळ पुढे उड्डाण आणि बॅटरी १०० टक्क्यांपासून शून्यापर्यंत. शून्यापर्यंत कोणीही शहाणा माणूस उडवत नाही. २५ टक्के शिल्लक असताना ड्रोन डोक्यावर परत आलेला हवा, म्हणजे साडेपंचवीस मिनिटे उरली. चढण, वारा आणि जागेवर थांबून केलेले चित्रण यांत आणखी तीनचार मिनिटे जातात. हाताशी २० ते २२ मिनिटे आहेत असे धरून बेत आखावा. बॅटरी दोन वर्षे जुनी असेल किंवा महिनोन्महिने पूर्ण भरून कपाटात पडली असेल तर त्याहूनही कमी.

वाऱ्याचा आकडा याहून फसवा आहे. १०.७ मीटर प्रतिसेकंद म्हणजे ताशी साधारण ३८ किलोमीटर. एवढ्या वाऱ्यात ड्रोन एका जागी टिकून राहतो, इतकाच त्याचा अर्थ. तो परत येईल की नाही हा वेगळा हिशेब आहे. या ड्रोनचा नेहमीच्या मोडमधला कमाल वेग सेकंदाला १२ मीटर. पाठीमागून ९ मीटरचा वारा असेल तर ६०० मीटर अंतर तो २८-२९ सेकंदांत कापतो आणि उडवणाऱ्याला वाटते, वा, काय वेग आहे! परतताना तोच वारा तोंडावर. १२ वजा ९, म्हणजे सेकंदाला ३ मीटर. तेच ६०० मीटर यायला ३ मिनिटे २० सेकंद लागतात, तेही मोटारी पूर्ण जोर लावत असताना. म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे आणि येताना वारा पाठीशी घ्यावा. फसलाच तर उंची कमी करावी, कारण जमिनीलगत वारा मंद असतो. स्पोर्ट मोडमध्ये वेग १६ मीटरपर्यंत जातो आणि तोच परतीचा प्रवास दीड मिनिटाच्या आत होतो, पण त्या मोडमध्ये अडथळे टाळणारी यंत्रणा बंद असते हे विसरू नये.

आता हे सगळे सह्याद्रीच्या कड्यावर नेऊन बघा. पावसाळ्यात नाणेघाटातला उलटा धबधबा पाहायला गर्दी लोटते. खाली पडणारे पाणी ज्या वाऱ्याने वर फेकले जाते, त्याच वाऱ्यात पाव किलोपेक्षा हलके यंत्र सोडायचा मोह त्याच गर्दीतल्या काहींना होतो. कोकणातून येणारा वारा कड्याला आपटून वर चढतो. कड्याच्या धारेवर त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि धारेच्या थोडे आत आले की तोच वारा गिरक्या घेत खाली दाबतो. ड्रोन धारेबाहेर असेपर्यंत वर ढकलला जातो आणि परत येताना धारेवरच आदळतो. उड्डाणाची जागा कड्यापासून तीसचाळीस मीटर आत, मोकळी हवी. धार ओलांडताना जमिनीपासून निदान तेवढीच उंची हवी. धुके किंवा भुरभूर असेल तर यंत्र पिशवीतच बरे. या वर्गातल्या बहुतेक ड्रोनना पावसापासून संरक्षण नाही आणि ढगात शिरले की खालचे व पुढचे सेन्सर आंधळे होतात.

उंचीचा घोळ तर जवळपास प्रत्येक जण करतो. पडद्यावर दिसणारी उंची ही उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते, ड्रोनच्या खालच्या जमिनीपासून नव्हे. कड्यावरून सरळ बाहेर नेला तर पडद्यावर १० मीटर दिसतात, पण खाली पाचसहाशे मीटर दरी असते. हरित क्षेत्रातली, म्हणजे आगाऊ परवानगी न लागणाऱ्या भागातली, ४०० फुटांची (१२० मीटरची) मर्यादा तिथे केव्हाच ओलांडलेली असते. उलट पायथ्याच्या गावातून उडवला आणि ‘रिटर्न टू होम’ची, म्हणजे आपोआप परत येण्याची, उंची कंपनीने दिली तशी १०० मीटरवरच ठेवली, तर संपर्क तुटल्यावर ड्रोन १०० मीटरवर येऊन सरळ घराकडे निघतो. मध्ये डोंगराची सोंड असेल तर तो तिच्यात घुसतो. स्वस्त ड्रोनना पुढचे काही दिसत नाही आणि महागड्यांनाही विजेच्या बारीक तारा दिसत नाहीत. परतीची उंची प्रत्येक ठिकाणी नव्याने ठरवावी: वाटेतल्या सर्वांत उंच गोष्टीपेक्षा २० ते ३० मीटर जास्त.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा या नियमालाही पुरून उरतो. तो नागाच्या फण्यासारखा आत वळलेला आहे. कड्याखाली, त्या पोकळीत ड्रोन नेला आणि संपर्क तुटला, तर परतीचा पहिला टप्पा म्हणजे सरळ वर चढणे. वर खडकाचे छत आहे हे बऱ्याच ड्रोनना कळत नाही. शिवाय अर्धे आकाश कातळाने झाकल्यामुळे ड्रोनला जागा दाखवणाऱ्या उपग्रहांची संख्या घसरते आणि ड्रोन जागा सोडून वाहू लागतो. तिथे संपर्क तुटल्यानंतर ‘जागीच थांबणे’ हा पर्याय आधी निवडून ठेवावा आणि ड्रोन नजरेआड जाऊच देऊ नये. तसे पाहिले तर हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वन विभागाच्या परवानगीशिवाय तिथे ड्रोन काढण्याचाच प्रश्न नाही. कड्यांवर गिधाडांची घरटी आणि आग्या मोहोळे असतात. पोळ्याजवळ ड्रोन घोंघावला की माशा उठतात आणि चावतात त्या खालून चढणाऱ्यांना.

गडांवर आणखी एक गोष्ट. ड्रोनमधल्या होकायंत्राचे कॅलिब्रेशन (जुळवणी) तोफेशेजारी, लोखंडी कठड्याजवळ किंवा सिमेंटच्या चौथऱ्यावर करू नये. चौथऱ्यात सळया असतात, आणि आपल्या बेसाल्ट खडकातही चुंबकीय खनिजे असतात. चुकीचे कॅलिब्रेशन झाले की ड्रोन एका जागी न थांबता वाढत्या वर्तुळात फिरू लागतो. उडवण्यापूर्वी दहाबारा उपग्रह मिळेपर्यंत आणि होम पॉइंट (परत येण्याची जागा) नोंदला गेल्याची सूचना येईपर्यंत थांबावे. मालवणहून सिंधुदुर्गाकडे जाताना चालत्या होडीतून उडवणाऱ्यांचा होम पॉइंट तर समुद्रातच राहतो. होडी पुढे जाते आणि ड्रोन इमानदारीने पाण्यावर उतरतो.

२४९ ग्रॅम या आकड्याभोवती जितका गैरसमज आहे तितका दुसऱ्या कशाभोवती नसेल. २५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झालेल्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला नॅनो वर्ग दिला आहे. त्याला यंत्राचे प्रकार-प्रमाणपत्र आणि उडवणाऱ्याचे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. दुकानदार यातून ‘परवानगी लागत नाही’ असे एक वाक्य तयार करतो आणि गिऱ्हाईक ते घेऊन घरी जाते. वजनाची सूट ही जागेची सूट नव्हे. सरकारी नकाशावरच्या लाल क्षेत्रात केंद्र सरकारची परवानगी आणि पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रकांची परवानगी नॅनोलाही लागते. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मोकळीक फक्त २०० फुटांपर्यंत आहे. पुणेकरांनी लोहगावचा हवाई दलाचा तळ आणि खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, तर नाशिककरांनी देवळाली आणि ओझर ध्यानात ठेवावे. उडवण्याआधी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा नकाशा उघडून पाहायला दोन मिनिटे लागतात. मुंबईत तर पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात आणि त्यात वजनाचा विचार नसतो. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील गडांवर त्या खात्याची लेखी परवानगी हवी. जुलै २०२५ मध्ये राज्यातले ११ किल्ले आणि तमिळनाडूतली जिंजी जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून ड्रोन घेऊन गडावर जाणाऱ्यांचा उत्साह वाढला आहे. त्यांनी ही परवानगी आधी काढावी, गडावर पोहोचल्यावर पहारेकऱ्याशी वाद घालून ती मिळत नाही.

आणि मुळात ते २४९ ग्रॅम कशाचे? सोबत आलेल्या साध्या बॅटरीसह असलेल्या यंत्राचे. त्याच मिनी ४ प्रोला ४५ मिनिटांची मोठी ‘प्लस’ बॅटरी लावली की वजन २९० ग्रॅमच्या आसपास जाते आणि ड्रोन नॅनो राहत नाही, मायक्रो होतो. पात्यांभोवतीचे कुंपण किंवा संध्याकाळसाठी चिकटवलेला लुकलुकता दिवा यांनीही तेच होते. मायक्रो ड्रोन हौसेसाठी उडवला तर पायलट प्रमाणपत्राची सक्ती नाही. पैसे घेऊन लग्नाचे चित्रण केले तर मात्र आहे. म्हणजे जास्त वेळ उडावा म्हणून प्लस बॅटरी घेणारा लग्नाचा छायाचित्रकार नेमका नियमाच्या पलीकडे जातो आणि त्याला ते कोणी सांगितलेले नसते. हे प्रमाणपत्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या प्रशिक्षण संस्थेतून मिळते. वय १८ ते ६५ आणि दहावी उत्तीर्ण एवढी पात्रता आहे.

खरेदीबाबत आपल्या पुरवण्यांनी आणखी एक वाक्य छापायला हवे. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. पूर्ण बांधलेले यंत्र असो वा सुट्या भागांचा जोडसंच, अपवाद फक्त संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांचा. सुटे भाग आणता येतात. तरीही बाजारात परदेशी ड्रोन सर्रास मिळतात. अशा यंत्राची ‘वॉरंटी’ ही दुकानदाराच्या तोंडची असते. गिंबलची फितीसारखी केबल पहिल्याच धडकेत तुटते, तेव्हा या वॉरंटीचा कस लागतो.

आता हातातल्या कॅमेऱ्यांकडे वळतो. इथे ‘स्थिर चित्र’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. ॲक्शन कॅमेऱ्यात, म्हणजे गोप्रो, ऑस्मो ॲक्शन, इन्स्टा ३६० यांत, आतला जायरोस्कोप हालचाल मोजतो आणि प्रोसेसर चौकटीच्या कडा कापून चित्र विरुद्ध दिशेला सरकवतो. गिंबल कॅमेऱ्यात, उदाहरणार्थ ऑस्मो पॉकेट ३ मध्ये, तीन छोट्या मोटारी कॅमेराच प्रत्यक्ष धरून ठेवतात. दिवसा उजेडी दोघांचे चित्र सारखेच गुळगुळीत दिसते, म्हणून दुकानातल्या प्रात्यक्षिकात फरक कळत नाही.

फरक कळतो तो गणपती विसर्जनाच्या रात्री. प्रकाश कमी झाला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडे ठेवतो, १/५० किंवा १/३० सेकंद. त्या वेळात हात हलला तर प्रत्येक फ्रेममध्येच फराटा उमटतो. प्रोसेसर ती फ्रेम जागेवर आणून बसवतो, पण आत उमटलेला फराटा कसा काढणार? चौकट स्थिर आणि दिवे मात्र दर पावलाला थरथरताहेत, असे विचित्र चित्र मिळते. लोक म्हणतात, कॅमेरा खराब निघाला. कॅमेरा ठीक असतो, शटर हळू असते. उपाय असा: ऑटो बंद करावे, शटर १/१०० वर बांधावे, आयएसओची (प्रकाशाच्या संवेदनशीलतेची) कमाल मर्यादा १६०० किंवा ३२०० ठेवावी आणि थोडे दाणेदार चित्र पत्करावे. १/१०० च का? आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. शटर १/५० किंवा १/१०० असले की प्रत्येक फ्रेमला सारखा प्रकाश मिळतो. १/६० किंवा १/१२० ठेवले की मांडवातल्या दिव्यांचे काळे पट्टे पडद्यावर वरखाली सरकू लागतात. मेनूतला ‘अँटी फ्लिकर’ पर्याय बऱ्याचदा ६० हर्ट्झवर आलेला असतो. तो कॅमेरा खोक्यातून काढल्याबरोबर ५० वर करावा. स्वस्त एलईडी भिंतींचा लुकलुकाट मात्र ५० हर्ट्झशी बांधलेला नसतो. तिथे शटर थोडे थोडे बदलत पडद्यावर पाहूनच ठरवावे लागते.

रात्रीचेच काम जास्त असेल तर सरळ गिंबल कॅमेरा घ्यावा. कॅमेरा खरोखरच हलत नसल्याने १/५० शटरही चालते, आणि पॉकेट ३ चा सेन्सर एक इंची असल्याने दाणेही कमी येतात. पण गिंबल फक्त तीन दिशांचे फिरणे थांबवतो, चालताना होणारी वरखाली उचल थांबवत नाही. गुडघे किंचित वाकवून, टाच आधी टेकवून चालायला शिकावेच लागते. पाऊस, गुलाल आणि समुद्राची वाळू हे तिघे त्या छोट्या मोटारींचे वैरी आहेत. गुलाल उधळला जाताना पॉकेट बंद करून खिशात आणि ॲक्शन कॅमेरा बाहेर, अशी विभागणी करणारे पथकवाले शहाणे. ढोलताशाच्या समोर आवाजाची पातळी ऑटोवर ठेवली तर प्रत्येक ठोक्याला आवाज फाटतो. ती हाताने बरीच खाली आणावी, आणि शक्य असेल तर ताशाच्या थेट समोर न राहता बाजूला उभे राहावे.

दुपारच्या कडक उन्हात उलट अडचण असते. शटर १/२००० वर जाते आणि हालचाल तुटक दिसते. ड्रोनला प्रकाश कमी करणारा गडद एनडी ३२ फिल्टर लावला तर ते १/६० वर येते, ३० फ्रेमच्या चित्रणाला अगदी जुळणारे. ॲक्शन कॅमेऱ्याला मात्र तोच गडद फिल्टर लावू नये, कारण शटर हळू झाले की रात्रीचा तो फराट्याचा दोष भर दुपारी हजर होतो.

मोटारसायकलच्या हँडलवर कॅमेरा बसवणाऱ्यांसाठी दोनच सूचना. इंजिनाची बारीक थरथर सेन्सर ओळीओळीने वाचत असतानाच घडते, त्यामुळे चित्र जेलीसारखे लिबलिबते आणि कोणतेही सॉफ्टवेअर ते पुरते दुरुस्त करत नाही. छातीवरचा पट्टा वापरावा, शरीर ती थरथर गिळून टाकते. आणि फोन तर हँडलवर बसवूच नये, कारण मोठ्या इंजिनांच्या कंपनाने आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते असा इशारा खुद्द ॲपलने २०२१ मध्ये दिला आहे.

पाण्याखालचे १० मीटर हे स्थिर पाण्यातले आणि झाकणाची रबरी कडा स्वच्छ असतानाचे. तारकर्लीच्या वाळूचा एक कण किंवा एक केस त्या कडेत अडकला तर मीटरभर पाण्यातही गळती होते. झाकण लावण्याआधी कडेवरून बोट फिरवावे. समुद्रातून बाहेर आल्यावर झाकण न उघडता कॅमेरा १५-२० मिनिटे गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा, मगच पुसून उघडावा. मीठ वाळले की बटणे अडकतात. तरंगणारी मूठ नसेल तर कॅमेरा दगडासारखा तळाला जातो, आणि ती मूठ तुलनेने अगदी स्वस्त असते.

उष्णतेचा आकडा विदर्भातल्या वाचकांसाठी महत्त्वाचा आहे. बहुतेक छोट्या ड्रोनची कार्यमर्यादा ४० अंश सेल्सिअस आहे. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे सकाळी दहाअकरालाच पारा तिथे पोहोचतो, आणि लग्ने तर त्याच महिन्यात असतात. तिथे उड्डाण सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य कलल्यावर. नुकत्याच उतरलेल्या गरम बॅटरीला लगेच चार्जिंगला लावू नये, अर्धा तास सावलीत निवू द्यावे. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलेली बॅटरी फुगते. फुगलेली बॅटरी टाचणी टोचून बसवणारे महाभाग आहेत, त्यातून आग लागते. ती यंत्रात परत घालू नये, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. दहा दिवसांहून जास्त वापर नसेल तर बॅटरी ५० ते ६० टक्क्यांवर आणून ठेवावी. विमानप्रवासात सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात, टोकांवर चिकटपट्टी लावून न्याव्यात. चेक-इन बॅगेत चालत नाहीत.

मेमरी कार्डावर कमी पैसे खर्च करण्याची आपली सवय मोडायला हवी. सेकंदाला १०० मेगाबिटचे ४के चित्रण म्हणजे तासाला ४५ गिगाबाइट. कार्डावर व्ही३० लिहिलेले हवे, म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहिण्याची हमी. बनावट कार्डावरही व्ही३० लिहिलेले असते. म्हणून नवे कार्ड आधी एकदा पूर्ण भरून, परत वाचून तपासावे. एच२टेस्टडब्ल्यू हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर तेवढ्यासाठीच आहे.

आपल्याकडे एवढीच विनंती आहे की अशा यंत्रांची ओळख छापताना प्रत्येक आकड्याखाली अर्धी ओळ अटीसाठी ठेवावी: ३४ मिनिटे (वारा नसताना, बॅटरी शून्य होईपर्यंत), २४९ ग्रॅम (साध्या बॅटरीसह). आणि वाचकांना सांगावे की बिलावर दुकानदाराकडून बॅटरीचा प्रकार, तिच्यासह यंत्राचे वजन आणि दुरुस्ती नेमकी कोण करणार हे लिहून घ्यावे. लिहून द्यायला दुकानदार कुरकुरला, तर दुकान बदलावे.

आपला,
एक वाचक, नाशिक